आखितीपर्यंतचं पाणी

आमच्या घरमालकांना दुसऱ्याच्या घरातला नळसुद्धा ठिबकलेला खपायचा नाही. नगरला नागापूर एमआयडीसीच्या मागच्या अंगाला त्यांच्या एका ओळीत बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या. शेवटच्या खोलीत ते स्वतः एकटे राहायचे, कान मात्र सगळ्या खोल्यांमध्ये. कुणाच्या मोरीत टपटप सुरू झाली की लगेच दारावर थाप पडायची.

"तीन नंबर, तुमचा नळ रडतोय."

तीन नंबर म्हणजे मी. भाडेकरूला नावाने हाक मारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. शेजारी नवीन जोडपं राहायला आलं तेव्हा नवरा चार नंबर झाला आणि बायको चार नंबर वहिनी. त्या बिचारीला वर्षभर वाटत होतं की आपल्याआधी या नवऱ्याच्या आणखी तीन झाल्या की काय, असं लोक समजत असतील.

खोली देताना त्यांनी मला दोन प्रश्न विचारले होते. दारू पिता का, आणि गाडी कोणती आहे. गाडी नवी आहे म्हटल्यावर दारूचं उत्तर त्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, ऑपरेशनची भीती वाटायची, स्कूटर पडवीत ताडपत्रीखाली पडून होती, आणि त्यांना दर रविवारी धबधबा बघायला जायचं असायचं. तेव्हा भाड्याच्या करारात नसलेलं एक कलम माझ्या गळ्यात पडलं. रविवारी सकाळी चहा झाला की गाडी काढायची आणि मागे काकांना बसवायचं.

पाथर्डीच्या रस्त्याला करंजी घाटाच्या अलीकडे डाव्या हाताला एक फाटा फुटतो. तिथून आत डोंगराच्या घळीत तो धबधबा होता. अकोल्याकडे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जे धबधबे आहेत त्यांच्याशी याची तुलना करू नये. हा गरिबाघरचा. भादव्यात अंगात यायचं, दिवाळीपर्यंत दम टिकवायचा आणि मग गप्प बसायचं. ग्रामपंचायतीने त्याच्याभोवती तारेचं कुंपण घालून पार्क केला होता. लोखंडी कमान, गंजलेला झोका, सिमेंटचं हरीण आणि एक सिमेंटचाच बिबट्या, ज्याच्याकडे बघून हरणालाही भीती वाटली नसती. धबधब्याच्या पायथ्याशी डोह होता. डोहाच्या काठाला धुण्याचे मोठे सपाट दगड होते, बायकांच्या पिढ्यांनी घासून गुळगुळीत केलेले.

पहिल्या पावसाळ्यात मला काकांच्या रविवारचं काहीच वाटलं नाही. सगळं नगरच तिकडे लोटायचं. पोरं फोन वर धरून पाण्याखाली उभी, कणसं, भजी, गाण्यांचा दणका. काका इस्त्रीचा शर्ट घालून घडीचं स्टूल उघडायचे आणि गर्दीकडे पाठ करून डोहाच्या काठाला बसायचे. पाणी आटल्यावर सुटका होईल असं मी मनात धरून होतो. दिवाळी झाली, धार बोटाएवढी झाली, पौषात नुसता ओला शेवाळाचा पट्टा राहिला. माघात तोही वाळला. रविवारी दारावर थाप पडतच राहिली.

"काका, आता तिथं काय आहे?"

"तुमचे वडील आजारी पडून बोलेनासे झाले, तर भेटायला जायचं सोडाल का?"

मी गाडी काढायचो.

उन्हाळ्यात ती जागा बघवत नसे. काळा कडा, त्यावर पाणी उतरायचं तिथे पांढरट ओघळ, खाली डोहात गाळाच्या भेगाळलेल्या खपल्या. पार्कात माणूस नाही. फाटकापाशी चहाची टपरी चालवणारी मावशी तेवढी असायची. गावातले बहुतेक धडधाकट लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, हिचा गुडघा कामातून गेला म्हणून ती मागे राहिलेली. काका तिथेही इस्त्रीचा शर्ट घालूनच यायचे. आल्या आल्या बाटलीतलं थोडं पाणी कड्याच्या बुडाशी ओतायचे आणि म्हणायचे, "घे, तोंड ओलं कर." मग स्टूल मांडून त्या कोरड्या भिंतीकडे बघत बसायचे. मी सिमेंटच्या बिबट्याच्या सावलीत मोबाईल बघायचो.

ते गाडीवर मागे बसून सतत बोलायचे. आधी मला वाटलं माझ्याशी. मी "हो, हो" करायचो. नंतर लक्षात आलं, ते भांडत होते. "तू म्हणायचीस ना? मग दाखव. कुठाय?" असलं काहीतरी. घाटात वारा लागला की आवाज चढायचा.

टपरीवाल्या मावशीने मला एकदा सांगितलं. "बायकुसंगं बोलत्यात ते. ह्याच गावची लेक हुती ती. माज्या आयची मैतरीन."

काकांनी आयुष्यभर एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरी केली होती. गळीत सुरू व्हायच्या आधी ऊसतोडीच्या टोळ्या ठरवायला ते या भागात फिरायचे. कुठल्या वस्तीवर किती कोयते, कुणाची बायको बाळंतीण आहे, कोण यंदा येणार नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. असल्याच एका फेरीत त्यांना या गावात बायको मिळाली. ती तोडीला जाणाऱ्या घरातली नव्हती, पण डोहावर धुणं धुणारी होती, आणि नवऱ्याला आयुष्यभर एकच गोष्ट ऐकवायची, की माझ्या लहानपणी आमच्या डोहाला आखितीपर्यंत पाणी असायचं.

आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने मातीचा करा पाण्याने भरतात, आंबरस-पोळीचा नैवेद्य दाखवतात. भर उन्हाळ्यात पितरांना पाणी पाजायचं, असा तो सण.

"मी तिला थापाडी म्हणायचो," काका एकदा स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाले. "म्हणायचो, तुमच्या गावात टँकरची लाइन लागते आणि म्हणे आखितीला डोह भरलेला. ती चिडायची. दवाखान्यातसुद्धा म्हणाली, माझा करा त्याच डोहाच्या पाण्याने भरा, मग कळेल कोण थापाडं. नाकात नळी होती आणि हसत होती."

एवढंच त्यांना हवं होतं. एका आखितीला त्या डोहात करा बुडेल इतकं पाणी. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांच्या तीन आखित्या कोरड्या गेल्या होत्या. चौथी मी पाहिली. नवा करा पिशवीत घालून, टोपी घालून, ते डोहात उतरले. वाळलेल्या गाळात इकडेतिकडे वाकून बघितलं, एके ठिकाणी काठीने उकरलं, आणि शेवटी घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी कऱ्यात ओतलं. एमआयडीसीच्या नळाचं पाणी. हसू दाबत मी स्टुलाची घडी घातली. परत येताना घाटात ते चकार शब्द बोलले नाहीत. भांडायला तोंडच राहिलं नव्हतं त्यांना.

पण हरले नव्हते. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी डोहाचा गाळ काढायचा ध्यास घेतला. डोहाला पाणी का टिकत नाही, तर गाळाने तो भरत आलाय, पाणी कमरेइतकंच राहतं, ते उन्हाने उडून जातं, हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं की कंपनीत माझ्या तोंडून ते निघायला लागलं. घाटात रस्त्याचं काम चालू होतं. तिथल्या पोकलेनवाल्यांना चहा पाजून, सरपंचाच्या पडवीत बसून बसून, शेतात गाळ हवा असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना गाठून त्यांनी मेळ जमवला. कुणाला खोटं वाटेल, पण त्या गावात असं काम सरकारी योजनेतून व्हायला जन्म गेला असता आणि या माणसाने ते नुसत्या चिवटपणावर करून घेतलं.

पौषातला रविवार होता. गाव रिकामं. निम्म्या घरांना कुलपं, पारावर म्हातारी माणसं, टपरीवर मावशी. पोकलेन घळीत उतरला तेव्हा काका लग्नघरातल्या बापासारखे इकडून तिकडे धावत होते. चालवणारा पोऱ्या बहुतेक मशीनवर असतो तसा बिहारकडचा नव्हता, शेवगावचाच होता. त्याने पहिला बकेट धुण्याच्या दगडांकडे नेला आणि काका ओरडले.

"अहो, दगड नाही! दगड हलवायचे नाहीत. आमच्या हिचे आहेत ते."

तो मशीनमधून वाकून म्हणाला, "मंग काका, दगडाच्या फुडून सरळ खाली मारू का? उतार सोडाया जागा न्हाई."

"मारा," काका म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. त्या शब्दात मला काहीच खटकलं नाही. कुणालाच खटकलं नाही. संध्याकाळपर्यंत डोह दोन पुरुष खोल झाला. काठाचे दगड जसेच्या तसे राहिले, एकाही दगडाला ओरखडा नाही. काका त्यातल्या एकावर बसून खाली त्या खड्ड्याकडे बघत होते, आणि परतताना घाटात त्यांचं भांडण अगदी लाडाचं चाललं होतं.

त्या वर्षीची आखितीही कोरडीच गेली, कारण पाऊस अजून व्हायचा होता. पण त्या दिवशी नळाचं पाणी ओतताना त्यांचा चेहरा पडला नाही. "पुढच्या साली," ते कऱ्याला म्हणाले. "आता शब्द दिला."

पाऊस उशिरा आला. आमच्या भागात तो उशिराच येतो. श्रावण असाच भुरभुरत गेला, भादव्यात धो धो कोसळला आणि धबधबा एका रात्रीत उतरला. पितृपंधरवड्यात पहिला उघाडीचा रविवार मिळाला. काकांनी नवा शर्ट घातला. वाटेत त्यांनी टपरीवाल्या मावशीसाठी पेढे घेतले.

फाटक अर्धं लावलेलं होतं. रविवार असून पार्कात कुणी नव्हतं. काकांचं तिकडे लक्षच गेलं नाही. ते थेट आत निघाले आणि डोह दिसल्यावर जागच्या जागी थांबले. काठोकाठ भरला होता. गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी, दगडांच्या कडेला टेकलेलं.

"बघा," ते म्हणाले. "तीन नंबर, बघा. कोण थापाडं?"

मी मात्र बाजूच्या कातळाकडे बघत होतो. कातळावर गोधड्या वाळत घातलेल्या होत्या. चार-पाच असतील. वाळून कडक झाल्या होत्या, त्यांच्यावर पाखरांनी घाण केली होती, वाऱ्याने एक दुमडली होती. धुणं वाळल्यावर बाई ते उचलते. हे कुणी उचललं नव्हतं.

मावशी लंगडत मागून आली. पेढे तिने हातात घेतले नाहीत.

"दसरा काढाया आल्त्या त्या," ती म्हणाली.

नवरात्राच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, याला आमच्याकडे दसरा काढणं म्हणतात. पलीकडच्या वस्तीवरच्या दोघी जावा मधल्या वारी आल्या होत्या. रविवारी पोरांची गर्दी असते म्हणून बायका मधल्या वारी येतात. गोधडी एकटीने धुता येत नाही. दगडावर बडवायची, मग दोघींनी दोन टोकं धरायची, एकीने खाली पाण्यात उतरायचं आणि ती पाण्यावर पसरून खळखळून घ्यायची. त्या दगडांच्या पुढे पाणी गुडघ्याला लागायचं, आणखी पुढे गेलं तर कमरेला. हे त्या गावातल्या प्रत्येक बाईच्या पायाला ठाऊक होतं. धाकटी जाऊ गोधडीचं टोक धरून उतरली आणि खाली काही नव्हतंच.

"गोधडी भिजल्याली," मावशी म्हणाली. "रेड्यावानी जड. तिनं सोडली न्हाई, का तिच्या अंगाला गुतली, कोनाला ठावं. थोरलीनं वरून वढलं, वढलं, आन् मंग तिच्या हातून टोक सुटलं. तवापून ती बोलंना."

"पण खोल केलंय," काका म्हणाले. "सगळ्यांना माहीत होतं खोल केलंय."

"तवा कोन हुतं गावात? समदी उसाला गेल्याली. उन्हाळ्यात आली तर टँकरच्या मागं पळायचं का हिकडं वाळल्या डव्हात काय हाय ते बघाया यायचं? मी सांगितलं हो, जी जी टपरीवरनं गेली तिला सांगितलं. ह्या मागच्या वाटनं आल्या." तिने दगडांकडे हात केला. "आन् दगड तर हुते तिथंच हुते. तिला काय दिसनार?"

काका त्या दगडांकडे बघत राहिले. मग त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि कातळावरच्या गोधड्या एकेक करून झटकल्या, नीट घड्या घातल्या, एकावर एक रचल्या. मावशी म्हणाली, ऱ्हाऊ द्या, त्यांच्या घरचं कुनी न्हेनार न्हाई. तरी त्यांनी शेवटच्या गोधडीचीही घडी घातली. परतताना घाटात मी कान देऊन होतो. मागे काहीच आवाज नव्हता. त्या दिवसापासून त्यांनी बायकोशी बोलणं बंद केलं, निदान माझ्या गाडीवर तरी.

पोलिसांनी पाण्यात बुडून मृत्यू अशी नोंद केली. कुणी काकांचं नाव घेतलं नाही. गाळ निघाला म्हणून सरपंच खूष होते, ट्रॅक्टरवाल्यांची शेतं पिकली होती. मी त्यांना शंभरदा म्हणालो असेन, काका, तुमचा काय दोष, तुम्ही चांगल्यासाठीच केलं. मला ते मनापासून वाटायचं आणि आजही वाटतं. त्यांनी एकदाच उत्तर दिलं.

"तीन नंबर, मी जन्मभर हेच काम केलं. दिवाळीनंतर त्या गावात कोण नसतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? कुलपं बघितली मी त्या दिवशी. मला बरं वाटलं. म्हटलं, बरंय, मध्ये यायला कुणी नाही."

पुन्हा मी ते त्यांना ऐकवलं नाही.

त्यानंतर रविवारची फेरी चुकली नाही, फक्त स्टूल घरी राहिलं. काका दगडांपाशी उभे राहायचे. येईल त्याला सांगायचे, खोल आहे, पुढे जाऊ नका. पोरं हसायची. एकाने त्यांचा व्हिडिओ काढला. सरपंचांच्या मागे लागून त्यांनी फलक लावून घेतला. तो आला तेव्हा त्यावर वर मोठ्या अक्षरांत सुस्वागतम्, मग सदस्यांची नावं आणि फोटो, आणि तळाला बारीक अक्षरांत पाण्यात उतरू नये. मग त्यांनी स्वतःच तेलरंगाचा डबा आणला आणि धुण्याचे दगड लालभडक रंगवले. लांबून दिसावेत, बाईने पाय ठेवण्याआधी बिचकावं म्हणून.

पुढच्या रविवारी दगडांवर हळद-कुंकू होतं. नारळ फोडलेला होता, उदबत्तीची काडी खोचलेली होती. लाल दगड पाहून कुणीतरी पाण्यातल्या साती आसरा समजून पूजा केली होती, आणि ती बघून दुसऱ्यांनी. एक म्हातारी तर नातसुनेला घेऊन आली होती आणि ओटी भरायला तिला पाण्याकडे पुढे ढकलत होती. काका धावले. इतक्या जोरात ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"देव नाही हो तो! खोल आहे, खोल! मागे व्हा!"

म्हातारीने हात जोडले. तिला वाटलं, यांच्या अंगात आलंय. काकांना रडू कोसळलं आणि मी त्यांना धरून सिमेंटच्या हरणापाशी आणून बसवलं. त्यांचे हात लाल होते, रंग अजून निघाला नव्हता. त्यांची मला कीव आली असं म्हणणं खोटं होईल. मला भीती वाटली. एवढं दुःख माणसाने रोज कुठे ठेवायचं, याची.

दिवाळी झाली. गाव पुन्हा उसाला गेलं. बुडालेल्या त्या धाकटीचा नवराही तोडीला गेला. मला वाटलं होतं तो अर्धा कोयता म्हणून जाईल. मावशीने सांगितलं, त्याची आई गेलीय संगं, जोडी पुरी कराया. ते ऐकून काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. साठीची बाई. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं म्हणजे काय, हे त्यांनी आयुष्यभर बघितलं होतं.

धबधबा आटला. डोह आटला नाही. पौष गेला, माघ गेला, पाणी निवळून हिरवं झालं आणि तसंच राहिलं. फाल्गुनात कड्यावरचा शेवाळाचा पट्टा वाळला, खाली डोह भरलेला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी कित्येक वर्षांत असं पाहिलं नव्हतं. काका काठाला उभे राहून काठी बुडवून बघायचे. एकदा मी ऐकलं, ते पुटपुटत होते, "आट की. आट आता." आधीच्या आखित्यांना ज्या पाण्यासाठी त्यांनी गाळ उकरला होता, तेच आता जावं म्हणून ते विनवण्या करत होते.

आखिती आली. डोहात पाणी होतं. करा काय, घागर बुडाली असती.

आम्ही सकाळीच निघालो. पिशवीत दोन करे होते, एरवी एकच असायचा. दगडांवर गुडघे टेकून, एका हाताने माझं मनगट धरून त्यांनी एक करा बुडवला. बुडबुडे आले, करा भरला. दुसरा त्यांनी भरला नाही, तो पिशवीतच ठेवला. मला वाटलं, आता घरी. ते म्हणाले, "वस्तीवर चला."

वस्तीवरचं घर पत्र्याचं. दारात निळा प्लास्टिकचा ड्रम, शेजारी नुकतीच उसाहून आलेली भांडीकुंडी पोत्यात तशीच बांधलेली. सावलीला एक लहान पोरगी आंब्याची कोय चोखत बसली होती. सासू बाहेर आली. हातांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या, त्यातून बोटांवरचे पाचटाचे चिरे दिसत होते. आत पाटावर करा मांडलेला दिसत होता, त्याला सुताचे वेढे, पुढे पोळीचं ताट.

"कोन पायजे?"

काकांनी टोपी काढली. मी त्यांना कधी टोपी काढताना पाहिलं नव्हतं. "मी नगरचा. तो डोह खोल करून घेतला तो मीच. दगड राहू द्या म्हणालो तोही मीच."

"ठावं हाय," ती म्हणाली.

तिने आणखी काही बोलावं म्हणून ते उभे राहिले. शिव्या द्याव्यात, हाकलून द्यावं. ती हाताची सुटलेली चिंधी गुंडाळत राहिली. मग काकांनी दोन्ही हातांनी करा पुढे केला.

"पहिली आखिती आहे तिची. म्हटलं, तिच्या नावाने. डोहाचंच पाणी आहे, आखितीपर्यंत राहिलं यंदा."

बाईने कऱ्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही. आवाजही चढवला नाही.

"बाबा, तिनं लई पिलंय त्या डव्हाचं. आता नगं."

काका करा धरून तसेच उभे. पाणी हिंदकळून त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर सांडत होतं. मी तो त्यांच्या हातातून घेतला.

"ऊन लई झालंय," ती बाई म्हणाली. "बसा. पानी प्या." तिने ड्रममधून तांब्या भरला, टँकरचं पाणी, आणि त्यांच्यापुढे धरला. चिंध्यांमधून पाणी टपटपत होतं. काकांनी ते उभ्यानेच प्यायलं, मध्ये न थांबता, आणि तांब्या पालथा घालून खाली ठेवला. त्यांना तहान लागली होती की नाही, मला माहीत नाही.

फाट्याशी आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि डोहाच्या पाण्याने भरलेला करा एका बाभळीच्या बुडाशी ओतला. घाटात ते बोलले. माझ्याशी नाही.

"तू थापाडी नव्हतीस," एवढंच म्हणाले.

खोलीवर आलो तेव्हा दुपार टळत आली होती. नैवेद्याची वेळ होऊन गेली होती. त्यांनी पिशवीतला दुसरा, बायकोच्या नावाचा कोरडा करा काढला आणि माझ्या दारात आले.

"तीन नंबर, तुमचा नळ सोडा."

मी मोरीतला नळ सोडला. त्यांनी करा खाली धरला. एमआयडीसीचं पाणी त्या दिवशी जोरात होतं, करा लगेच भरला, वरून वाहू लागला, त्यांच्या मनगटावरून, कोपरावरून, मोरीत. कुणाचा नळ ठिबकला तर दारावर थाप मारणारा तो माणूस तसाच वाकून उभा राहिला आणि पाणी वाहत राहिलं.

शेवटी मीच नळ बंद केला.